चलनशीलतेचा तक्ता आणि गेटखालचा इलेक्ट्रॉन

निरभ्र · रविवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात पुतणीचा फोन आला. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. तोंडी परीक्षेत तिला विचारलं, मायक्रोवेव्हच्या ट्रान्झिस्टरला गॅलियम आर्सेनाइड का वापरतात? ती म्हणाली, इलेक्ट्रॉनची मोबिलिटी, म्हणजे चलनशीलता, सिलिकॉनच्या सहापट असते म्हणून. परीक्षक खूश, गुण पूर्ण. तिला मात्र चैन पडेना. "काका, सहापट असेल तर ट्रान्झिस्टरही सहापट वेगवान व्हायला हवा ना? तसा तर होत नाही. आणि इंडियम अँटिमोनाइडची तर तक्त्यात पन्नासपटीच्या वर दिलीय. मग सगळे तेच का वापरत नाहीत?"

जमेल तेवढं सांगितलं, पण हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही. गेली चौदा वर्षं मायक्रोवेव्ह ॲम्प्लिफायर हेच माझं काम आहे, आणि त्या एका आकड्यावर आपल्याकडे फार विसंबून राहतात असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

आधी तो तक्ता. खोलीच्या तापमानाला, शुद्ध स्फटिकात, चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद या एककात इलेक्ट्रॉनची चलनशीलता अशी: सिलिकॉन सुमारे १४००, जर्मेनियम ३९००, इंडियम फॉस्फाइड ५४००, गॅलियम आर्सेनाइड ८५००, इंडियम आर्सेनाइड ३३ हजारांच्या वर, इंडियम अँटिमोनाइड ७७ हजार.

स्फटिकातला इलेक्ट्रॉन स्वस्थ बसलेला नसतोच. खोलीच्या तापमानाला तो सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने सैरावैरा धावत असतो आणि सतत आपटून दिशा बदलत असतो. या धावपळीत विद्युत क्षेत्र त्याला एका बाजूला जरासं ओढतं. त्या ओढीने सरासरी जो वेग मिळतो, त्याला क्षेत्राने भागलं की चलनशीलता. ती दोन गोष्टींवर ठरते: दोन टकरींच्या मधे किती वेळ मिळतो, आणि इलेक्ट्रॉन किती जड असल्यासारखा वागतो. या जडपणाला परिणामी वस्तुमान म्हणतात. मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या तुलनेत ते सिलिकॉनमध्ये ०.२६ पट, तर गॅलियम आर्सेनाइडमध्ये ०.०६७ पट.

आता उलटा हिशेब करून बघा. १४०० या आकड्यावरून सिलिकॉनमध्ये दोन टकरींमधला वेळ सुमारे ०.२१ पिकोसेकंद निघतो. ८५०० वरून गॅलियम आर्सेनाइडचा ०.३२. वेळेत जेमतेम दीडपट फरक! सहापटीतला बाकीचा, जवळजवळ चौपट वाटा इलेक्ट्रॉनच्या हलकेपणाचा आहे. मी पहिल्यांदा हा हिशेब कागदावर केला तेव्हा मला फार मौज वाटली होती, कारण तोवर मी समजत होतो की गॅलियम आर्सेनाइडमध्ये टकरीच कमी होतात.

पण हे सगळं क्षेत्र लहान असतानाचं. ट्रान्झिस्टरमधला प्रवाह कमी-जास्त करणारं टोक म्हणजे गेट. त्याच्याखाली काय असतं? गेटची लांबी पाव मायक्रॉन धरा आणि तिथे एक व्होल्ट पडतो असं धरा. क्षेत्र झालं सेंटिमीटरला ४० हजार व्होल्ट. याला ८५०० ने गुणलं तर वेग येतो प्रकाशाच्या वेगाच्या एक टक्क्याहून थोडा जास्त. असं काही होत नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचा वेग सेंटिमीटरला साधारण साडेतीन हजार व्होल्टपाशीच शिगेला पोचतो, सेकंदाला सुमारे २ कोटी सेंटिमीटर, आणि तिथून पुढे क्षेत्र वाढवलं की वेग चक्क कमी होतो.

ज्यांनी महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजात मायक्रोवेव्हचं प्रॅक्टिकल केलंय, त्यांनी हे स्वतःच्या हातांनी पाहिलेलं आहे. एक्स-बँडचा, म्हणजे १० गिगाहर्ट्झच्या आसपासचा, बेंच आठवतो ना? त्यात गॅलियम आर्सेनाइडचा गन डायोड असतो. गन पॉवर सप्लायचा नॉब हळूहळू फिरवायचा आणि मिलिॲम्पिअरचे आकडे वहीत लिहायचे. काटा चढत जातो, साडेतीन-चार व्होल्टच्या आसपास थबकतो, आणि मग व्होल्टेज वाढवलं तरी मागे येतो. आलेख काढायचा, जर्नलवर सही घ्यायची, संपलं. तो मागे येणारा काटा म्हणजे लाखो इलेक्ट्रॉन एकदम जड होत असल्याची खूण आहे, हे आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही.

होतं असं की गॅलियम आर्सेनाइडच्या ऊर्जापट्टीत तळाच्या दरीच्या सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आणखी दऱ्या आहेत. तिथे इलेक्ट्रॉनचं वस्तुमान कितीतरी जास्त. क्षेत्र मोठं झालं की इलेक्ट्रॉनला तिथे चढण्याइतकी ऊर्जा मिळते, तो वर जातो आणि मंदावतो. रिडले आणि वॉटकिन्स यांनी १९६१ मध्ये आणि हिलसम यांनी १९६२ मध्ये हे कागदावर मांडलं होतं. १९६३ मध्ये आयबीएममध्ये जे. बी. गन यांना गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यातून मायक्रोवेव्ह दोलनं मिळाली. गन डायोडमधला 'गन' तो हा.

बेंचवरचे आकडे जुळवूनही बघता येतात. एक्स-बँडच्या डायोडमधला सक्रिय थर साधारण १० मायक्रॉन जाडीचा असतो. सेंटिमीटरला ३२०० व्होल्ट गुणिले १० मायक्रॉन म्हणजे ३.२ व्होल्ट: काटा थबकतो तिथलंच व्होल्टेज. आणि त्या थरातून सेकंदाला सुमारे १ कोटी सेंटिमीटर वेगाने आरपार जायला लागणारा वेळ ०.१ नॅनोसेकंद, म्हणजे १० गिगाहर्ट्झ, जी वारंवारता आपण वेव्हमीटरवर वाचतो.

तर ट्रान्झिस्टरची कमाल वारंवारता गेटखालच्या या वेगावर आणि गेटच्या लांबीवर ठरते. शिगेचा २ कोटी सेंटिमीटर वेग आणि ०.१ मायक्रॉन गेट धरलं तर पार व्हायला अर्धा पिकोसेकंद, त्यावरून सुमारे ३१८ गिगाहर्ट्झ. प्रत्यक्षात धारकता आणि रोध त्यातला बराच भाग खातात. आणि सिलिकॉनचा वेग? मोठ्या क्षेत्राला सेकंदाला सुमारे १ कोटी सेंटिमीटर. म्हणजे खरी शर्यत सहापटीची नसून दुपटीच्या आसपासची आहे. पुतणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

मग चलनशीलता कुठे कामाला येते? सोर्सपासून, म्हणजे इलेक्ट्रॉन आत शिरतात त्या टोकापासून, गेटपर्यंतच्या पट्ट्यात. तिथे क्षेत्र लहान असतं, आणि तिथला रोध थेट नॉइज, म्हणजे संदेशात मिसळणारी खरखर, वाढवतो. अँटेनातून येणारा कुजबुजीएवढा संदेश ज्या पहिल्या ट्रान्झिस्टरवर पडतो, त्याच्यासाठी हा पट्टा जीव की प्राण. चलनशीलता जास्त तर रोध कमी, आणि रोध कमी तर नॉइज कमी.

इथे एक पेच होता. प्रवाहासाठी इलेक्ट्रॉन हवेत, त्यासाठी दाता अणू मिसळायला हवेत. इलेक्ट्रॉन देऊन झाला की दाता अणू धनभारित होऊन जागीच बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला वळवत राहतो. घन सेंटिमीटरमागे दहाचा सतरावा घात इतके दाते घातले की ८५०० चे चार-पाच हजार होतात. जितके इलेक्ट्रॉन जास्त तितके ते मंद.

१९७८ मध्ये बेल लॅबमध्ये डिंगल, श्टोर्मर, गॉसर्ड आणि वीगमन यांनी यावर तोड काढली. दाते ठेवायचे ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या थरात, आणि शेजारी शुद्ध गॅलियम आर्सेनाइड. शुद्ध बाजूला इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी असते, म्हणून तो दात्याला सोडून पलीकडे उतरतो आणि सीमेला चिकटून पातळ पत्र्यासारखा पसरतो. मधे काही नॅनोमीटरचा कोरा थर ठेवला की दात्याची ओढही क्षीण होते. अणूंचा एकेक थर रचणारी एमबीईची भट्टी नसती तर हे जमलंच नसतं. जपानमध्ये फुजित्सुच्या ताकाशी मिमुरा यांना १९७९ मध्ये सुचलं की या पत्र्यावर गेट ठेवून ट्रान्झिस्टर करता येईल, आणि १९८० मध्ये त्यांनी तो करून दाखवला. तोच हेम्ट, म्हणजे हाय इलेक्ट्रॉन मोबिलिटी ट्रान्झिस्टर.

दाते आणि इलेक्ट्रॉन वेगळे करायचे ही कल्पना मला आजही आमच्या क्षेत्रातली सर्वांत देखणी वाटते.

इंडियम अँटिमोनाइडचं उत्तर राहिलंय. कोणी विचारलं तर लिहितो.

केतकी_वन · रविवार, रात्री १०:२५

विचारते! आणि त्याआधी हे: इलेक्ट्रॉन तर सगळीकडे एकच, मग स्फटिक बदलला की हलका किंवा जड कसा होतो? मी रसायनशास्त्राची आहे, त्यामुळे पट्ट्यांची भाषा थोडी येते.

निरभ्र · रविवार, रात्री ११:०५

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून बरं झालं एकत्र विचारलेत. इलेक्ट्रॉन अणूंच्या रांगांमधून तरंगासारखा जातो. त्याच्या ऊर्जेचा आलेख काढला की तळाशी एक वाटी दिसते. वाटी अरुंद आणि उभी तर इलेक्ट्रॉन हलका, पसरट तर जड. आणि ही वाटी किती उभी हे खालच्या पट्टीपासूनच्या अंतरावर, म्हणजे बँडगॅपवर बरंच अवलंबून असतं. पट्ट्या जवळ आल्या की एकमेकींना ढकलतात आणि वाटी उभी होत जाते. आकडे बघा: गॅलियम आर्सेनाइडचा बँडगॅप १.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, वस्तुमान ०.०६७. इंडियम आर्सेनाइड ०.३६, वस्तुमान ०.०२३. इंडियम अँटिमोनाइड ०.१७, वस्तुमान ०.०१४.

म्हणजे इंडियम अँटिमोनाइडचा इलेक्ट्रॉन चपळ आहे तो बँडगॅप छोटा म्हणून, आणि त्याच छोट्या बँडगॅपमुळे तो ट्रान्झिस्टरला अडचणीचा. खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेने घन सेंटिमीटरमागे दहाच्या सोळाव्या घाताइतके इलेक्ट्रॉन आपोआप मोकळे होतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये हाच आकडा फक्त २० लाखांच्या घरात. गेटला तो प्रवाह नीट बंदच करता येत नाही, आणि थोडं व्होल्टेज दिलं की पदार्थ कोसळतो. जिथे बंद करायची गरज नाही तिथे मात्र तो उत्तम चालतो. ब्रशलेस मोटरींमधले चुंबकीय क्षेत्र ओळखणारे हॉल सेन्सर कितीतरी वेळा इंडियम अँटिमोनाइडचे असतात.

जुनावायरमन · सोमवार, सकाळी ७:१५

निरभ्रजी, मी शिकलेला नाही एवढं, पण तुमचं 'नॉइज' वाचून हात शिवशिवले. सांगली जिल्ह्यात १९९३ पासून केबलचा धंदा केला. सुरुवातीला बारा फुटी जाळीची छत्री होती गच्चीवर. एलएनबी, म्हणजे छत्रीपुढचा सिग्नल वाढवणारा डबा, आणायला मिरजेला जायचो तेव्हा दुकानदार विचारायचा, किती केल्विनची पाहिजे? पंचवीसची स्वस्त, सतराची महाग. आम्हाला एवढंच ठाऊक, की आकडा कमी तर चित्रात मुंग्या कमी. पावसाळ्यात बारीक सिग्नल असला की सतराची आणि पंचवीसची यांतला फरक डोळ्यांना दिसायचा. तो केल्विन म्हणजे तापमानच ना? मग गच्चीवर उन्हात तापलेल्या डब्यावर सतरा केल्विन कसं लिहितात?

निरभ्र · सोमवार, सकाळी ८:५०

दादा, तुमचा अनुभव लाखमोलाचा आहे. तो केल्विन डब्याचं तापमान सांगत नाही. रोध तापलेला असला की त्यातले इलेक्ट्रॉन थरथरतात आणि नॉइज तयार होतो. ॲम्प्लिफायर स्वतःहून जेवढा नॉइज घालतो, तेवढा किती थंड रोधातून आला असता, तो आकडा त्या लेबलवर असतो. केयू बँडच्या एलएनबीवर हेच डीबीमध्ये लिहितात. १ डीबी म्हणजे सुमारे ७५ केल्विन, अर्धा डीबी म्हणजे ३५. उन्हात तापलेल्या डब्यात बसूनही त्या ट्रान्झिस्टरचा नॉइज इतका कमी राहतो, याचं कारण त्यातला हेम्ट. तुमच्या मिरजेच्या दुकानात सतराचे जे जास्त पैसे घेत, ते या देखण्या कल्पनेचेच होते.

मावळतीवारा · सोमवार, दुपारी २:१०

धागा आवडला. एक भर घालतो, कारण हे नेहमी अर्धवट सांगितलं जातं. बारा फुटांची छत्री दोन फुटांची झाली ती एकट्या हेम्टमुळे नव्हे. केयू बँडचे उपग्रह जास्त ताकदीने प्रक्षेपण करतात, आणि तरंगलांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने छोट्या छत्रीचा झोतही शेजारच्या उपग्रहाला न चाटण्याइतका अरुंद राहतो. सी बँडला साडेसात सेंटिमीटरला ते जमत नाही. हेम्टने यात मोठा हात दिला हे मात्र खरं.

निरभ्र · सोमवार, दुपारी २:४५

बरोबर. हे लिहायला हवं होतं. धन्यवाद.

खोडदच्या_वाटेवर · सोमवार, संध्याकाळी ७:३०

माझं गाव नारायणगावजवळ. लहानपणापासून शेताच्या बांधावरून जीएमआरटीच्या, म्हणजे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या, तबकड्या बघत आलोय, त्यामुळे हेम्टचा पहिला उपयोग कुठे झाला हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८५ मध्ये जपानच्या नोबेयामा वेधशाळेत, रेडिओ दुर्बिणीच्या पहिल्या ॲम्प्लिफायरमध्ये. त्या दुर्बिणीची तबकडी ४५ मीटर व्यासाची. आमच्या खोडदच्या तीसही तबकड्या ४५ मीटरच्याच! वृषभ राशीतल्या काळ्या ढगात, सुमारे ४०० प्रकाशवर्षं दूर, अवकाशातले नवे रेणू त्या जपानी दुर्बिणीने हेम्टच्या मदतीने शोधले.

व्यास सारखा असला तरी दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. नोबेयामाची तबकडी मिलिमीटर तरंगांसाठी, म्हणून तिचा पृष्ठभाग सलग आणि अतिशय काटेकोर. गोविंद स्वरूप यांनी आपल्याकडे मीटर तरंग निवडले, म्हणून पोलादी तारांची जाळी चालली आणि एवढ्या कमी खर्चात तीस तबकड्या उभ्या राहिल्या. जाळीतून वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडाही हलका.

माझा प्रश्न: १५० मेगाहर्ट्झला आकाशाचाच नॉइज काही शे केल्विन असतो. मग तिथे हेम्टचा काय उपयोग?

निरभ्र · सोमवार, रात्री ९:२०

तिथे फारसा नाही, तुमचं बरोबर आहे. आकाशच ३०० केल्विन ओतत असेल तर ॲम्प्लिफायर ३० चा आहे की ५० चा, याने मोठा फरक पडत नाही. पण वारंवारता वाढेल तसं आकाश झपाट्याने शांत होतं. १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे हायड्रोजनच्या रेषेपाशी, ते जेमतेम काही केल्विनवर येतं, आणि मग पहिल्या ट्रान्झिस्टरचा एकेक केल्विन मोजावा लागतो. ४५ मीटरचा योगायोग माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. फार छान.

तळ्याकाठी · सोमवार, रात्री ११:४०

एम.टेक.ला मी हेच नमुने मोजायची. एक प्रसंग लिहिते, नवीन मुलांना उपयोगी पडेल.

पाच मिलिमीटरचा चौकोनी तुकडा. चार कोपऱ्यांवर इंडियमचे ठिपके चिमट्याने दाबून लावायचे, भट्टीत सुमारे ४०० अंशांना भाजायचे म्हणजे ते आत मुरतात. मग व्हॅन डर पॉ पद्धतीने मोजणी: दोन कोपऱ्यांतून प्रवाह, उरलेल्या दोनांवर व्होल्टेज, चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरून. आधी खोलीच्या तापमानाला, मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ७७ केल्विनला.

खोलीच्या तापमानाला रोज सारखंच उत्तर यायचं, आठ हजारांच्या आसपास. ७७ केल्विनला मात्र एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. इलेक्ट्रॉनांची संख्याच बदललेली दिसायची. तीन आठवडे मी ठिपके पुन्हा पुन्हा लावत बसले. वाटायचं, माझाच हात कच्चा. एका संध्याकाळी लाइट गेली. जनरेटरवर मोजणीचं यंत्र चालू राहिलं, खोलीतल्या ट्यूबलाइट बंद. नमुना अंधारात थंड झाला आणि एकदम वेगळाच आकडा आला. ट्यूब लागल्या तसा आकडा उडी मारून वर गेला आणि ट्यूब पुन्हा बंद केल्या तरी खाली येईना.

तेव्हा कुठे उमगलं. ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडमधल्या सिलिकॉन दात्यांभोवती एक खोल सापळा तयार होतो, डीएक्स सेंटर म्हणतात त्याला. प्रकाशाने सापळ्यातला इलेक्ट्रॉन सुटतो, आणि थंडीत त्याला परत आत जाण्यापुरती ऊर्जा नसते, म्हणून तासन्‌तास बाहेरच राहतो. नमुना दीडशे केल्विनच्या वर तापवला की सगळं पूर्ववत. त्यानंतर मी काळ्या कापडाशिवाय कधी नमुना थंड केला नाही.

निरभ्र · मंगळवार, सकाळी ९:१०

अप्रतिम. आणि याच सापळ्यामुळे हेम्टची पुढची पिढी आली. ॲल्युमिनियमचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेलं की सापळे त्रास देतात. पण प्रमाण कमी केलं तर दोन थरांमधली ऊर्जेची पायरीच बुटकी होते आणि इलेक्ट्रॉन नीट अडत नाहीत. उपाय असा केला, की खाली शुद्ध गॅलियम आर्सेनाइडऐवजी दहा-पंधरा नॅनोमीटरचा इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा थर घातला. त्याने पायरी पुन्हा उंच झाली, वर इलेक्ट्रॉनही हलका. या थराच्या अणूंमधलं अंतर मुळात जास्त असतं, पण थर इतका पातळ की तो दबून खालच्या जालकाशी जुळवून घेतो. जाड केला तर तडे जाऊन सगळं वाया. हा पी-हेम्ट. डिश टीव्हीच्या एलएनबीत सर्रास हाच असतो.

इंडियम आणखी वाढवायचं तर पायाच बदलावा लागतो. इंडियम फॉस्फाइडवर ५३ टक्के इंडियमचा थर काहीही न दबता बसतो, आणि चलनशीलता दहा हजारांच्या वर जाते. २०१४ मध्ये अमेरिकेत नॉर्थ्रोप ग्रमनने २५ नॅनोमीटर गेटच्या इंडियम फॉस्फाइड हेम्टवर १ टेराहर्ट्झचा ॲम्प्लिफायर दाखवला. एवढ्या आखूड गेटखाली 'चलनशीलता' हा शब्दच लंगडा पडतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये सुद्धा इलेक्ट्रॉन दोन टकरींच्या मधे १४० नॅनोमीटरच्या आसपास जातो. गेट पंचवीसचं! तो बहुतेक न आपटताच पलीकडे पोचतो. तिथे उपयोगी पडतो तो हलकेपणा, टकरींचा हिशेब मागे राहतो.

कोयनाकाठ · मंगळवार, दुपारी १२:३५

मग गॅलियम नायट्राइडचं काय? त्याची चलनशीलता हेम्टमध्येही दीड-दोन हजारच, वस्तुमान ०.२. तक्त्याच्या हिशेबाने तो सिलिकॉनच्या पंगतीतला. तरी ५जीचे टॉवर, रडार, सगळीकडे तोच.

मावळतीवारा · मंगळवार, दुपारी ३:००

हे माझं रोजचं काम आहे, मी स्वीडनमध्ये बेस स्टेशनचे पॉवर ॲम्प्लिफायर करतो. गॅलियम नायट्राइडचा बँडगॅप ३.४, त्यामुळे कोसळायच्या आधी तो सेंटिमीटरला ३० लाखांहून जास्त व्होल्ट झेलतो. गॅलियम आर्सेनाइड ४ लाखांत हात टेकतो. म्हणजे छोट्या गेटलाही ड्रेनवर, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्या टोकावर, २८ किंवा ५० व्होल्ट देता येतात. आणि मोठ्या क्षेत्राला त्यातल्या इलेक्ट्रॉनचा वेग गॅलियम आर्सेनाइडच्या तोडीचा. निरभ्र यांचा मुद्दा यातून अगदी ठसठशीत दिसतो: चलनशीलता चौपट कमी, तरी ट्रान्झिस्टर ताकदीत कितीतरी पुढे.

दुसरं म्हणजे इथे दातेच लागत नाहीत. हा स्फटिक मुळातच ध्रुवीय. वर ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचा ताणलेला थर बसवला की सीमेवर धनभार उमटतो आणि तो इलेक्ट्रॉन गोळा करतो, चौरस सेंटिमीटरमागे दहाच्या तेराव्या घाताइतके, गॅलियम आर्सेनाइडच्या साधारण दसपट. चलनशीलता कमी असली तरी इलेक्ट्रॉनांची गर्दी इतकी की रोध कमीच राहतो.

माझी खरी डोकेदुखी उष्णता. म्हणून पाया सिलिकॉन कार्बाइडचा, जो उष्णता गॅलियम आर्सेनाइडच्या सात-आठपट चांगली वाहून नेतो. डीआरडीओच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने चार इंची सिलिकॉन कार्बाइड चकत्या आणि १५० वॉटपर्यंतचे गॅलियम नायट्राइड हेम्ट देशात केल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा इथे परदेशात बसून मला फार आनंद झाला. गॅलियम आर्सेनाइडच्या मायक्रोवेव्ह चिपांसाठी हैदराबादचं गॅटेक आधीपासून आहेच.

केतकी_वन · मंगळवार, संध्याकाळी ५:४५

शेवटची शंका. दुप्पट का होईना वेगवान, तर निदान संगणक तरी गॅलियम आर्सेनाइडचे का झाले नाहीत?

निरभ्र · मंगळवार, रात्री १०:००

प्रयत्न झाला. सेमूर क्रे यांनी क्रे-३ हा महासंगणक गॅलियम आर्सेनाइडवर बांधला. १९९३ मध्ये एकच यंत्र कोलोरॅडोतल्या हवामान संशोधन केंद्रात बसलं, १९९५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

तांत्रिक कारणांतलं सर्वांत मोठं म्हणजे होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धनभारासारखी वाहते. संगणकाच्या चिपमध्ये इलेक्ट्रॉनचे आणि होलचे ट्रान्झिस्टर जोडीने लागतात, तेव्हाच ती रिकामी असताना वीज खात नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये होलची चलनशीलता ४००, सिलिकॉनपेक्षाही जराशी कमी. जोडीतला एक धावतो, दुसरा रखडतो. दुसरं, सिलिकॉन तापवलं की त्यावर काचेसारखा सुरेख ऑक्साइड आपोआप येतो, त्यावर सगळा उद्योग उभा आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या ऑक्साइडखाली इलेक्ट्रॉन अडकतात आणि गेटचं ऐकत नाहीत.

हेही सांगायला हवं की सिलिकॉन थांबलेलं नाही. गाड्यांमधले ७७ गिगाहर्ट्झचे रडार आज सिलिकॉन-जर्मेनियमवर आणि साध्या सीमॉसवरही, म्हणजे संगणकाच्या चिपच्याच तंत्रावर, होतात, जे माझ्या विद्यार्थिदशेत अशक्य वाटायचं.

रानफूल२१ · बुधवार, रात्री ८:१५

काका, मीच ती पुतणी! धागा वाचून आज लॅब असिस्टंट सरांकडून बेंच मागून घेतला. काटा ३.६ व्होल्टला थबकला. वेव्हमीटरवर ९.६ गिगाहर्ट्झ. त्यावरून थराची जाडी १०.४ मायक्रॉन काढली, आणि ३२०० ने गुणल्यावर ३.३ व्होल्ट आले. उरलेले ०.३ कुठे गेले? आणि थबकलेल्या जागेवर नॉब तसाच ठेवला तर करंट हळूहळू उतरत होता. सर ओरडले, तिथे दहा-पंधरा सेकंदांच्या वर ठेवू नकोस म्हणून.

निरभ्र · बुधवार, रात्री ८:५०

शाब्बास! उरलेले ०.३ बहुतेक दोन्ही टोकांच्या जोडण्यांवर आणि डायोडच्या बाकीच्या थरांवर पडले असतील, शिवाय माझे ३२०० आणि १ कोटी हे दोन्ही आकडे ढोबळ आहेत. आणि उतरणारा करंट म्हणजे डायोड तापत होता. जालक जितकं गरम तितकं ते थरथरतं, टकरी वाढतात, चलनशीलता घटते. सर बरोबर ओरडले, थबकलेल्या जागी करंट सर्वांत जास्त असतो आणि डायोड तिथेच जळतात. पुढच्या वेळी नॉब पटकन त्या जागेच्या पुढे ने, आणि सरांच्या परवानगीने टेबल फॅन लावून एकदा, न लावता एकदा, असे आकडे घे. दोन्ही आलेख इथे टाक.